चाळीस मिनिटांचा बिझनेस क्लास

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून मुंबई हवाई अंतराने सुमारे 280 किलोमीटर आहे. हैदराबाद 430, बंगळुरू 780 आणि दिल्ली 980 किलोमीटरच्या आसपास. वेळापत्रकात मुंबईसाठी तासाभराहून थोडा अधिक वेळ दाखवलेला असतो. त्यातून धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणाची परवानगी मिळेपर्यंत थांबणे आणि उतरल्यावर गेटला लागणे वजा केले, तर विमान प्रत्यक्ष हवेत असते चाळीस-पंचेचाळीस मिनिटे. दिल्लीला हाच आकडा दीड-पावणेदोन तासांवर जातो. एवढ्याशा प्रवासासाठी इकॉनॉमीच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजून बिझनेस क्लासचे तिकीट काढावे का, यावर वाळूज-शेंद्र्याच्या कारखानदारांत, उच्च न्यायालयाच्या खंडपीठातल्या वकिलांत आणि त्यांचे हिशेब बघणाऱ्यांत सरळ दोन तट पडतात.

प्रश्नाला पार्श्वभूमी आहे. पुढच्या रांगा वेगळ्या दराने विकण्याची पद्धत इंडियन एअरलाइन्सच्या काळापासूनची. 1993 मध्ये आलेल्या जेट एअरवेजने ती अधिक चकचकीत केली. 2003 मध्ये एअर डेक्कनने आणि 2006 पासून इंडिगोने उलटी वाट धरली: वर्ग एकच, भाडे कमी, खाण्याचे पैसे वेगळे. एप्रिल 2019 मध्ये जेट बंद पडली, नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. त्यामुळे संभाजीनगरहून बिझनेस क्लास हवा असेल तर मुख्यतः एअर इंडियाच्या मुंबई-दिल्ली उड्डाणांकडे पाहावे लागते. इंडिगोच्या एटीआरमध्ये 78 आणि ए-320 निओमध्ये 186 सीटा असतात, त्या सगळ्या इकॉनॉमीच्या. गंमत म्हणजे अठरा वर्षे एकच वर्ग विकणाऱ्या इंडिगोनेही नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ नावाने बारा रुंद सीटा विकायला काढल्या. म्हणजे या सीटांना गिऱ्हाईक आहे, हे नाकारता येत नाही.

दोन्ही बाजू येथे दोन प्रातिनिधिक व्यक्तींच्या तोंडी दिल्या आहेत. एक, वाळूजमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची दुसऱ्या पिढीतली उद्योजिका. दुसरे, तिच्या वडिलांच्या वेळेपासून त्या कारखान्याचे हिशेब तपासणारे सीए, ज्यांना ती काका म्हणते. दिल्लीच्या एका प्रदर्शनाच्या प्रवासखर्चाला मंजुरी देताना विषय निघतो.

हवेतला वेळ

उद्योजिका: काका, दिवसभर स्टॉलवर उभं राहायचं, लोकांशी बोलायचं. जाताना तरी माणूस ताजातवाना पोचला पाहिजे. बिझनेस क्लास ही चैन नाही, कामाची तयारी आहे.

सीए: दिल्लीचं नंतर बघू. गेल्या महिन्यात तू मुंबईलासुद्धा पुढच्या रांगेतून गेलीस. त्या चाळीस मिनिटांत किती ताजीतवानी झालीस?

उद्योजिका: थोडा नाश्ता झाला, दोन मेल वाचल्या.

सीए: तेच म्हणतोय. नाश्ता आपल्या क्रांती चौकातही झाला असता.

मुंबईच्या उड्डाणाचा हिशेब मिनिटांत मांडला की सीएंचा मुद्दा स्पष्ट होतो. चाके उचलल्यावर पहिली दहा-बारा मिनिटे विमान चढत असते. पट्टा बांधलेला, ट्रे-टेबल मिटलेले, लॅपटॉप बंद. पट्ट्याची खूण विझली की पुढचा पडदा ओढला जातो, ट्रॉली सुटते आणि चिनी मातीच्या बशीतून नाश्ता येतो. खाणे अर्ध्यावर येते तोच वैमानिक विमान खाली आणत असल्याची सूचना देतो आणि कर्मचारी बशा गोळा करायला लागतात. मोकळेपणाने बसायला मिळतात ती मधली पंधरा-वीस मिनिटे. दिल्लीच्या प्रवासात हा मधला टप्पा तासाच्या वर जातो. तेवढ्यात नीट जेवण होते, एखादे सादरीकरण नजरेखालून घालता येते किंवा डोळा लागू शकतो. म्हणून ‘छोटा देशांतर्गत प्रवास’ म्हणून मुंबई आणि दिल्लीला एकाच मापाने मोजता येत नाही.

जागा

उद्योजिका: वेळ कमी असेल, पण जागेचं काय? मागं तीन-तीनच्या सीटा. मधली मिळाली की दोन्हीकडून कोपर. पुढं दोन-दोन, मधली सीटच नाही.

सीए: जागा जास्त आहे, कबूल. पण विमान कंपनी ती कोणत्या भावानं विकते, ते कधी मोजलंस का?

ए-320 जातीच्या विमानात इकॉनॉमीच्या एका ओळीत सहा सीटा, बिझनेसमध्ये चार. इकॉनॉमीत एका सीटेपासून पुढच्या सीटेपर्यंतचे अंतर 28 ते 30 इंच असते, बिझनेसमध्ये 40 इंचांच्या आसपास. आठ सीटांच्या बिझनेस क्लासला दोन ओळी, म्हणजे सुमारे 80 इंच लांबी लागते. तेवढ्या लांबीत इकॉनॉमीच्या पावणेतीन ओळी, म्हणजे सोळा-सतरा सीटा मावल्या असत्या. याचा अर्थ, बिझनेसची एक सीट इकॉनॉमीच्या साधारण दोन सीटांची जागा अडवते. विमानाच्या एकूण सीटसंख्येतही हे दिसते. विस्ताराकडून आलेल्या तीन वर्गांच्या ए-320 निओमध्ये बिझनेसच्या 8, प्रीमियम इकॉनॉमीच्या 24 आणि इकॉनॉमीच्या 132 अशा 164 सीटा, तर इंडिगोच्या तशाच विमानात 186.

सीए: म्हणजे जागेचा न्याय्य भाव दुप्पट. जेवण, लाउंज धरून आणखी थोडं वर घाल. तिप्पट मागितले तर तो वरचा पैसा सीटेचा नाही. ‘याचं तिकीट कंपनी भरते, भाव बघणार नाही’ या अंदाजाचा आहे.

उद्योजिका: मग दुपटीच्या आत मिळालं तर घ्यायचं?

सीए: जागा खरंच लागणार असेल तर. आणि इथं पलंगासारखी सपाट होणारी सीट नसते, तेही लक्षात ठेव. ती परदेशाच्या मोठ्या विमानांत. इथली फक्त मागं कलते.

भाडे आणि कर

पैशाच्या हिशेबात 2025 मध्ये मोठा बदल झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून इकॉनॉमीव्यतिरिक्त सर्व वर्गांच्या विमान तिकिटांवरील जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. प्रीमियम इकॉनॉमीही त्यात आली. इकॉनॉमीचा दर 5 टक्केच राहिला. वर्ग बदलला की भाड्यासोबत करही चढतो.

उदाहरणापुरते दिल्लीचे मूळ भाडे इकॉनॉमीत 6,000 आणि बिझनेसमध्ये 18,000 रुपये धरू. विमानतळाची शुल्के दोन्ही वर्गांना सारखी असल्याने सोडून देऊ. इकॉनॉमीवर 300 रुपये जीएसटी, एकूण 6,300. बिझनेसवर 3,240 रुपये जीएसटी, एकूण 21,240. फरक 14,940 रुपये. पावणेदोन तासांच्या हवाई प्रवासाला तासामागे साडेआठ हजार पडले. मुंबईसाठी मूळ भाडे 4,000 आणि 12,000 धरले, तर जीएसटीसह 4,200 आणि 14,160. फरक 9,960 रुपये, चाळीस मिनिटांसाठी. मिनिटाला जवळजवळ अडीचशे.

उद्योजिका: पण काका, हा हिशेब घरच्या माणसाचा झाला. कंपनीचा जीएसटी नंबर तिकिटावर टाकला की इनपुट क्रेडिट मिळतं. उरलेला खर्च नफ्यातून वजा होतो. शिकवलंत तुम्हीच.

सीए: शिकवलं, पण अर्धंच ऐकलंस. दिल्लीच्या फरकातले 2,940 रुपये जीएसटीचे. प्रवास धंद्याचा असेल, बिल बरोबर असेल आणि विमान कंपनीनं विवरणात दाखवलं असेल, तर ते परत धरता येतात. राहिले 12,000. कंपनीचा आयकर 25 टक्के धरला तर 3,000 वाचले. मग उरलेले 9,000 कुणाचे?

उद्योजिका: कंपनीचे.

सीए: आणि कंपनी कुणाची? कर वाचला म्हणजे खर्च फुकट झाला, असं होत नाही. रुपया वाया घालवून चाराणे वाचवल्यासारखं आहे.

येथे एक बारीक मुद्दा नजरेआड होतो. कंपनीच्या खर्चाने पण घरगुती कारणासाठी केलेल्या प्रवासावर इनपुट क्रेडिट धरता येत नाही. लग्नासाठी दिल्लीला जाताना जाता जाता एक बैठक उरकली म्हणून सबंध कुटुंबाची तिकिटे धंद्याची होत नाहीत. पगारदार प्रवासी, निवृत्त दाम्पत्य किंवा अजिंठा-वेरूळला आलेले पर्यटक यांना तर ही वजावट मुळातच नाही. त्यांच्यासाठी 14,940 म्हणजे 14,940.

जमिनीवरच्या सोयी

सीटेवरचा वाद संपला की चर्चा विमानाबाहेर येते, आणि समर्थकांची बाजू खरी भक्कम होते ती इथेच.

उद्योजिका: नमुने घेऊन जायचे असतात. कास्टिंगचे दोन डबे ठेवले की पंधरा किलो संपले.

सीए: हे मात्र पटण्यासारखं आहे. पुढं बोल.

उद्योजिका: परतीची वेळ ठरलेली नसते. ग्राहकानं दोन तास थांबवलं तर तिकीट बदलावं लागतं. आणि दिल्लीत उतरल्यावर प्रायोरिटी टॅग असला की बॅग आधी येते.

सीए: आता तिन्हींचा भाव वेगवेगळा काढ.

देशांतर्गत इकॉनॉमीत सामान्यतः 15 किलो चेक-इन सामान नेता येते. एअर इंडियाच्या बिझनेस तिकिटांवर भाड्याच्या प्रकारानुसार 25 ते 35 किलो. दहा-वीस किलो जादा सामान खरोखर असेल, तर वजनाचे पैसे आणि वर्गातला फरक शेजारी मांडून बघावेत. कधी बिझनेसचे पारडे जड होते, पण बहुतेक वेळा आधीच ऑनलाइन घेतलेले जादा वजन स्वस्त पडते. तिकीट बदलण्याची सवलतही सरसकट वर्गाला जोडलेली नसते. ती भाड्याच्या प्रकाराला असते. इकॉनॉमीतच लवचीक तिकीट थोडे जास्त देऊन मिळते आणि बिझनेसमधले सर्वांत स्वस्त तिकीट बदलायलाही पैसे पडू शकतात. वर्गाचे नाव वाचून गृहीत धरण्यापेक्षा तिकिटाच्या अटी वाचणे बरे.

रांगांचा प्रश्न गावागावाप्रमाणे बदलतो. चिकलठाण्याचे टर्मिनल आटोपशीर आहे. तिथे वेगळा काउंटर असला काय नि नसला काय, फरक थोड्या मिनिटांचा. मुंबई-दिल्लीच्या गर्दीत प्राधान्याच्या रांगेला खरी किंमत येते, पण तिथे डिजीयात्रेने प्रवेश करणाऱ्या इकॉनॉमीच्या प्रवाशाचाही वेळ वाचतो, तोही फुकट. केवळ हातातली बॅग घेऊन जाणाऱ्याला प्रायोरिटी टॅगचा उपयोगच नाही. चेक-इन बंद होण्याची वेळ तर दोन्ही वर्गांना सारखीच पाळावी लागते.

उद्योजिका: आणि बाबांचं? गुडघे दुखतात त्यांचे. त्यांना मागच्या सीटेत बसवू?

सीए: त्यांच्यासाठी दिल्लीला बिझनेस घे, मी एका शब्दानं अडवणार नाही. पण व्हीलचेअरसाठी वर्ग बदलू नको. ती इकॉनॉमीतही मिळते, तिकीट काढतानाच सांगायची. मुंबईच्या प्रवासाला पहिल्या ओळीतली सीट थोडे पैसे देऊन घे. इमर्जन्सी दरवाज्याजवळची घेऊ नको, पाय मोकळे राहतात पण तिथं म्हाताऱ्या किंवा अधू माणसाला बसू देत नाहीत.

विमान उशिरा सुटले किंवा रद्द झाले तर दोन्ही वर्गांचे प्रवासी एकाच नावेत. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात अडकलेले विमान पुढच्या रांगेसाठी लवकर उडत नाही. उड्डाण रद्द झाल्यावर परतावा किंवा पर्यायी प्रवास मिळण्याचा हक्क दोन्ही वर्गांना आहे. बिझनेसच्या प्रवाशासाठी एक नियम मात्र वेगळा: ऐनवेळी विमान बदलून त्याला खालच्या वर्गात बसवले, तर फेब्रुवारी 2023 पासून लागू झालेल्या, विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या नियमानुसार देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या 75 टक्के रक्कम परत मिळते. असा प्रसंग आला तर बोर्डिंग पास जपून ठेवावा आणि तिथल्या तिथे लेखी नोंद करून घ्यावी.

मान आणि मापदंड

उद्योजिका: एक गोष्ट तुम्ही हिशेबात धरत नाही. ग्राहकाचा खरेदी-प्रमुख त्याच विमानात असतो. मालकीण मागच्या रांगेत दिसली तर तो काय समजेल?

सीए: काटकसरी आहे, दर वाजवी लावेल, असं समजेल!

उद्योजिका: नाही हो काका. या गावात दिसण्याला किंमत आहे. एका दमात दीडशे मर्सिडीझ घेणारं गाव आहे हे.

सीए: तो व्यवहार नीट आठव. ऑक्टोबर 2010, जवळपास पासष्ट कोटींचा सौदा. पण लोक एकत्र का आले? सवलत मिळावी, कर्जाचं व्याज कमी लागावं म्हणून. श्रीमंती दाखवली, पण भाव करून दाखवली. तू तर छापील किमतीला घेतेस.

सरकारी नियमांत दोन्ही दृष्टिकोन सापडतात. सातव्या वेतन आयोगानंतर 2017 मध्ये ठरलेल्या प्रवासभत्त्याच्या नियमांत वेतनश्रेणीच्या 14 व्या आणि त्यावरील स्तरातल्या केंद्रीय अधिकाऱ्यांना बिझनेस क्लासची मुभा आहे, 6 ते 13 या स्तरांतल्यांना इकॉनॉमीची. म्हणजे पदाच्या मानाला सरकारनेही जागा दिली आहे. उलट सप्टेंबर 2009 मध्ये काटकसरीच्या मोहिमेत केंद्रीय मंत्र्यांना इकॉनॉमीतून प्रवास करायला सांगण्यात आले आणि सोनिया गांधी दिल्लीहून मुंबईला इकॉनॉमीतून गेल्या, त्याचीही बातमी झाली. पुढे बसल्याने मान मिळतो तसा मागे बसल्यानेही मिळू शकतो. त्यामुळे मानाच्या मुद्द्यावर कुठलीच बाजू निर्णायकपणे जिंकत नाही.

दुसरे रस्ते

मुंबईच्या बाबतीत तुलना फक्त विमानातल्या दोन वर्गांत करणे अपुरे आहे. 30 डिसेंबर 2023 रोजी सुरू झालेली जालना-मुंबई वंदे भारत आता नांदेडहून सुटते आणि संभाजीनगरहून सुमारे सहा तासांत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. तिच्या एक्झिक्युटिव्ह डब्यातही दोन-दोनच्या रुंद सीटा आहेत. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी शेवटच्या इगतपुरी-आमणे टप्प्यासह पूर्ण झाला, त्यामुळे गाडीने चार-साडेचार तासांत मुंबईच्या वेशीवर पोचता येते. विमानाने जायचे तर घर ते चिकलठाणा, तासभर आधी हजेरी, उड्डाण आणि पुढे मुंबईची वाहतूक मिळून साडेतीन-चार तास जातातच. काम ठाणे-भिवंडीकडे असेल, तर विमानाचा वेळेतला फायदा जवळपास उरत नाही.

उद्योजिका: म्हणजे मुंबईला बिझनेस क्लास बंद?

सीए: बंदच. आणि दिल्लीचंही खरं सांगू? तुला रुंद सीट नकोय. सकाळी जाऊन रात्री घरी यायचंय. उड्डाणाची वेळ जमत नाही म्हणून दिल्लीत मुक्काम पडतो आणि दुसरा दिवस जातो. पुढच्या रांगेत बसून तो मुक्काम टळतो का?

उद्योजिका: नाही टळत. पण मुक्काम टळत नाही म्हणून प्रवासातही अवघडून बसायचं, हे मला मान्य नाही. दिल्लीला, काम असेल त्या दिवशी, मी पुढंच बसणार.

सीए: बस. फक्त जाताना. येताना दमून झोपायचंच आहे, ती झोप घरी येऊन घे. आणि भाडं इकॉनॉमीच्या दुपटीच्या वर गेलं तर मला विचार.

शहरातल्या औद्योगिक संघटनांची वर्षानुवर्षांची मागणीही अधिक उड्डाणांची आणि सोयीच्या वेळांचीच आहे. प्रवाशाचा दिवस वाचतो तो वेळापत्रकाने. बिझनेस क्लासने त्या दिवसातला फार तर दीड तास सुखाचा होतो.

निवाडा

दोन्ही बाजू ऐकल्यावर मार्गानुसार वेगवेगळे उत्तर हाती येते. संभाजीनगर-मुंबईसारख्या चाळीस मिनिटांच्या उड्डाणात सीटेसाठी बिझनेस क्लास घेणे परवडत नाही. अपवाद एकच: पुढे परदेशाचे बिझनेसचे तिकीट असेल आणि हा टप्पा त्याच तिकिटात जोडून येत असेल. मग सामानाची मुभा सहसा संपूर्ण प्रवासाला एकच लागू होते आणि या टप्प्याची वेगळी किंमत मोजावी लागत नाही. हैदराबाद-बंगळुरूच्या मार्गावर एकच वर्ग असलेले विमान असेल तर प्रश्नच उद्भवत नाही, पहिल्या ओळीची सीट किंवा जादा वजन तेवढे विकत घ्यावे. दिल्लीला मात्र विचार करायला जागा आहे. शरीराला गरज असेल, सामान जास्त असेल, उतरल्या उतरल्या महत्त्वाचे काम असेल आणि करासह भाडे इकॉनॉमीच्या दुपटीच्या आसपास असेल, तर बिझनेस क्लास रास्त ठरतो. सुटण्याच्या दिवशी काउंटरवर किंवा आधी बोली लावून कमी पैशांत वर्ग वाढवून मिळाला, तर हा हिशेब अधिक सहज जमतो. यातले एकही कारण नसेल, तर जादा पैसा केवळ पडद्याच्या पुढे बसण्यासाठी जातो, आणि तो खर्च कंपनीच्या वहीत न टाकता स्वतःच्या हौसेच्या खात्यावर लिहावा.